पहिलीच लिंक उघडली आणि तीन हजार गेले

प्रश्न : मुलीचं नर्सिंग झालं, परदेशी जायचं म्हणते म्हणून पासपोर्ट काढायचा होता. मोबाइलवर सर्च केलं, सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावर अशोकस्तंभ होता, वर तिरंग्याची पट्टी होती, म्हणून मी तिथेच फॉर्म भरला आणि २,९९९ रुपये भरले. मग एकाचा फोन आला, आधार आणि मार्कशीट व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणाला, तेही पाठवलं. आज ११ दिवस झाले, अपॉइंटमेंट नाही, फोन उचलत नाहीत. घरात अजून कोणाला सांगितलं नाहीये. पैसे परत मिळतील का आणि मुलीच्या कागदपत्रांचं काय?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे आज घरात सांगून टाका. लपवण्यात जे दिवस जातात तेच त्या लोकांना हवे असतात, आणि तुम्ही काही वेडेपणा केलेला नाहीये, ती साइट बनवलीच होती तुम्हाला फसवायला. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या लिंका पुष्कळदा जाहिराती असतात, त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं आणि पैसे भरले की कोणीही तिथे वर येऊ शकतो.

आता पैशांचं. १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे गेल्याचा मेसेज, ट्रान्झॅक्शन नंबर, त्या साइटचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅप चॅट सगळं जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. बँकेलाही लेखी कळवा, कार्डने भरले असतील तर वाद नोंदवायचा फॉर्म मागा. खरं सांगते, ११ दिवसांनी पैसे परत मिळणं अवघड आहे. पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, नंतर ते खात्याखात्यातून निघून जातात. आणि तुम्ही स्वतः पैसे भरलेत म्हणून बँक हात वर करायची शक्यता आहे. तरीही तक्रार कराच, कारण उद्या तुमच्या मुलीच्या कागदांवर कोणी काही उद्योग केला तर तुमच्या हातात तारखेसकट तक्रारीचा नंबर असेल.

आणि एक, पुढच्या काही दिवसांत ‘रिफंड देतो, ओटीपी सांगा’ असा गोड आवाजात फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्याचा नंबर पुन्हा वापरतात हे लोक. तो फोन कट करा.

कागदपत्रांची काळजी मला पैशांपेक्षा जास्त वाटते. आधारच्या साइटवर किंवा अॅपमध्ये मुलीचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून टाका (पासपोर्ट केंद्रात ठसे द्यायला जायच्या आधी उघडून ठेवा म्हणजे तिथे अडचण नको), आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची हिस्ट्रीही तिथेच दिसते, ती अधूनमधून बघत जा. मग संचार साथी डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन तिच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते तपासा, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं. पुढे कोणाला आधारची कॉपी द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता पासपोर्ट. खरी साइट एकच, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन, आणि अॅप एमपासपोर्ट सेवा. मोठ्या माणसाच्या ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० आणि हे पैसे भरल्यावर अपॉइंटमेंट तुम्हीच निवडता. फोटो आणि बोटांचे ठसे द्यायला मुलीला केंद्रात जावंच लागतं, म्हणजे ‘घरबसल्या सगळं करून देतो’ म्हणणारा तिथेच खोटा ठरतो. त्या लोकांनी तिच्या नावाने खरा अर्ज टाकलाय की नाही हे आधी १८००-२५८-१८०० या टोल फ्री नंबरवर विचारा, मगच नवा फॉर्म भरा, नाहीतर एकाच नावाचे दोन अर्ज होऊन भलताच गोंधळ. स्वतः भरायची भीती वाटत असेल तर गावातल्या सीएससी केंद्रात (ऑनलाइन सरकारी कामं करून देणारं सरकारमान्य केंद्र) जा, समोर माणूस बसलेला असतो, पावती मागता येते.

परराष्ट्र मंत्रालयाने अशा खोट्या साइटींची नावंच जाहीर केलेली आहेत, त्यात पासपोर्ट-सेवा डॉट इन, अप्लायपासपोर्ट डॉट ओआरजी अशी अगदी खरी वाटणारी नावं होती. मग ओळखायचं कसं? नुसतं कुलपाचं चिन्ह बघून भरवसा ठेवू नका, ते खोट्या साइटलाही मिळतं. साइटच्या पत्त्यात, सुरुवातीच्या ‘https://’ मधल्या दोन सोडून, पहिली तिरकी रेघ येते ना, तिच्या अगदी आधी काय लिहिलंय ते बघा. ते म्हणजे साइटचं आडनाव. आपल्यात आधी नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, तसंच. गव्ह डॉट इन हे आडनाव सरकारी कार्यालयांनाच मिळतं. पण ‘पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असं असेल तर गव्ह डॉट इन मधेच आलंय, आडनाव झालं डॉट कॉम, म्हणजे साइट खोटी. मी शेजारच्या काकूंना हे कागदावर लिहून दाखवलं तर दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं.

साइटच्या तळाशीही एकदा जाऊन या. करड्या रंगात, वाचताच येऊ नये इतक्या बारीक अक्षरात ‘आम्ही खाजगी सल्लागार आहोत, सरकारशी संबंध नाही’ असं पुष्कळांनी लिहिलेलं असतं, पकडलं तर सुटायला. पण सरकारी असल्याचं भासवून पैसे घेणं आयटी कायद्याच्या कलम ६६ड मध्ये बसू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. राजमुद्रा अशी परवानगीशिवाय वापरण्याविरुद्ध तर २००५ चा वेगळा कायदाच आहे. तक्रारीत अशोकस्तंभाचा स्क्रीनशॉट नक्की जोडा.

प्रश्न : लाडक्या बहिणीच्या केवायसीसाठी ग्रुपवर लिंक आली, १०० रुपये मागतात. भरू का?
(एक वाचक, पारनेर)

उत्तर : नका भरू. सरकारी साइट लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन, आणि तिथे केवायसीला पैसे लागत नाहीत. ग्रुपवरची लिंक उघडून आधार नंबर टाकला असेल किंवा ओटीपी दिला असेल तर आजच बँकेत जाऊन खातं तपासून घ्या, आणि ज्या ताईंनी ती लिंक पाठवली त्यांना फोन करून ती लिंक ग्रुपमधून काढायला सांगा, त्यांनाही बहुतेक दुसऱ्या कोणीतरीच पाठवली असेल.