मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात की सातव्या? वरचं अन्न नेमकं कधी सुरू करायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचार महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, पाचव्या महिन्यात उष्टावण करून वरणाचं पाणी सुरू करू. डॉक्टर म्हणतात, सहा महिने थांबा. मुलगी मात्र सगळ्यांच्या ताटाकडे टक लावून बघते. माझी दोन मुलं या टप्प्यातून गेली आहेत आणि पहिल्याच्या वेळी माझ्याकडून चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी महिन्यांच्या मोजणीचं बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे मुलाचं उष्टावण सम महिन्यात करतात आणि मुलीचं विषम महिन्यात. पण 'पाचवा महिना' म्हणजे चार पूर्ण होऊन पाचवा चालू. तुमची मुलगी आत्ताच पाचव्या महिन्यात आहे. डॉक्टर जे सहा महिने म्हणतात ते पूर्ण सहा, म्हणजे 180 दिवस. ते भरले की सातवा महिना लागतो, आणि सातवा विषमच आहे. म्हणजे मुलीच्या बाबतीत रीत आणि डॉक्टर एकाच तारखेवर येतात. माझ्या धाकटीचं उष्टावण आम्ही सातवा लागल्यावर तिसऱ्या दिवशी केलं. सासूबाईंसमोर हा हिशोब मांडला तेव्हा त्यांनी पंचांग काढून स्वतःच दिवस शोधला.

तुमच्या सासूबाईंचं म्हणणं आलं कुठून हेही समजून घ्या, म्हणजे घरात वाद होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाच पूर्वी 'चार ते सहा महिने' असं सांगत असे. 2001 मध्ये तो सल्ला बदलून पूर्ण सहा महिने फक्त अंगावरचं दूध असा झाला. आपल्या नवऱ्यांच्या लहानपणी डॉक्टरच चौथ्या-पाचव्या महिन्यात पेज सुरू करायला सांगत. सासूबाई त्यांना तेव्हा सांगितलेलंच आज सांगतायत.

आता सहाच महिने का? दोन गोष्टी त्या सुमारास एकत्र येतात. पहिली लोहाची. पोटात असताना, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, बाळ आईकडून लोह साठवून घेतं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. जे असतं ते चांगलं पचतं, पण सहा महिन्यांच्या आसपास साठा संपत आला की तेवढ्याने भागत नाही. म्हणून त्यापुढे ताणणंही बरोबर नाही. (दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचा साठा कमी असतो. त्यांना लोहाचे थेंब लवकर लागतात आणि वरचं अन्न कधी द्यायचं हेही डॉक्टर त्यांच्या अपेक्षित तारखेचा विचार करून ठरवतात. तसं असेल तर माझा हिशोब लावू नका.)

दुसरी गोष्ट बाळाच्या अंगाची तयारी. लहान बाळाच्या ओठांना चमचा लावला की जीभ आपोआप घास बाहेर ढकलते. दूध ओढण्यापुरतीच सवय असलेल्या तोंडाचं ते संरक्षण आहे. हळूहळू ही क्रिया कमी होते. त्याच सुमारास मान पक्की धरली जाते, आधार दिला की बाळ बसतं, घास समोर आला की तोंड उघडतं आणि नको असेल तर मान फिरवतं. ही लक्षणं एकत्र दिसली पाहिजेत. ताटाकडे बघणं एवढ्याने काही ठरत नाही. या वयात बाळं पंख्याकडेही तशीच बघतात. मुठी चोखणं, चौथ्या महिन्यात रात्री पुन्हा उठायला लागणं, हेही भुकेचं खात्रीचं लक्षण नव्हे. दूध पुरतंय का हे कळायला दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू होते का आणि वजन वाढतंय का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर दूध पुरतंय, कोणी काहीही म्हणो. दात यायची वाट बघायचीही गरज नाही, मऊ घास हिरड्यांनी छान चावला जातो.

तोवर पाणी, वरणाचं पाणी, घुटी, मध यातलं काहीही नको. उन्हाळ्यातसुद्धा बाळाची तहान अंगावरच्या दुधाने भागते. मध तर वर्षापर्यंत चाटणापुरताही नको. त्यात असू शकणाऱ्या एका जिवाणूच्या बीजांमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. उष्टावणाच्या खिरीतही घालू देऊ नका.

तुम्ही नोकरीबद्दल लिहिलेलं नाही, पण पुष्कळ घरांत अन्न लवकर सुरू होण्याचं खरं कारण ते असतं. 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, म्हणजे 182 दिवस, अगदी सहा महिने. पण ती प्रसूतीच्या आधीपासून घेतली तर नंतर तेवढी उरत नाही. मोठ्याच्या वेळी मी तीन आठवडे आधीच रजेवर गेले होते आणि तो जेमतेम सव्वापाच महिन्यांचा असताना कामावर हजर झाले. तेव्हा दूध काढून ठेवता येतं आणि आजी ते वाटी-चमच्याने पाजू शकते, हे मला कोणी सांगितलंच नाही. सहावा लागलाच होता, घाईघाईत उष्टावण केलं आणि घरात वरणाचं पाणी सुरू झालं.

आणि इथे ती चूक. वरणाचं पाणी म्हणजे डाळ शिजल्यावर वर येणारं पिवळं पाणी. डाळ सगळी तळाशी राहते. भाताची पातळ पेजही तशीच. तो आवडीने प्यायचा, पोट भरायचं, आम्ही खूश. नवव्या महिन्यात लक्षात आलं की दोन महिन्यांत वजन जवळजवळ हललंच नव्हतं. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. पुढे तीन महिने लोहाचं औषध दिलं. तो आता शाळेत जातो, व्यवस्थित आहे, पण तो वजनाचा तक्ता आठवला की अजून पोटात कालवतं.

कारण साधं होतं. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला जेमतेम एक वाटी. ती वाटी पाण्याने भरली तर वरच्या अन्नाला जागाच उरत नाही, शिवाय बाळ दूधही कमी पितं. म्हणून घास चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट हवा. वरणाचं पाणी बाजूला ठेवा आणि खालची डाळ घोटून द्या. गुरगुट्या भात, त्यात घोटलेली मूगडाळ आणि वर साजूक तूप, यापेक्षा सोपी सुरुवात नाही. पहिले काही दिवस दोन-तीन चमचे पुरतात, मग दिवसातून दोन-तीनदा. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज सुमारे 200 कॅलरी मिळाव्यात असं धरतात, बाकी सगळं दुधातून. दूध तोडायचं नाही, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू द्या.

नाचणीचं सत्त्व करणार असाल तर आजीची पद्धत सोडू नका: नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड येताना धान्यात जे विकर (एन्झाइम) तयार होतं ते पिष्ट (स्टार्च) मोडतं. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घातलं तरी लापशी गिळता येईल इतकी सैल राहते. वाटी तेवढीच, पण पोषण जास्त. शिवाय मोडांमुळे लोह शोषलं जायला मदत होते. कॅल्शियम तर नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मीठ-साखर मात्र वर्षापर्यंत नको.

पहिल्या काही आठवड्यांतच पूर्ण शिजवलेलं अंडं, आणि घरी चालत असेल तर मासे, मटणाची कलेजीही वाटून देता येते, लोहासाठी चांगली. शेंगदाणा-अंडं उशिरा द्यावं असं पूर्वी सांगत, आता तसं सांगत नाहीत. 2015 मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाज सुटते तो आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तर पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांच्यातली शेंगदाण्याची ॲलर्जी खूप कमी दिसली. आपल्याकडे कूट घरोघरी असतंच, ते अगदी बारीक वाटून लापशीत मिसळायचं. मुलीला एक्झिमा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. अख्खे दाणे, फुटाणे, द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत हातात द्यायची नाहीत, श्वासनलिकेत अडकतात.

घास घेताना बाळ ओकारी आल्यासारखं करतं, लाल होतं, आवाज करतं, ते बहुतेक वेळा शिकणं असतं, घाबरून थांबवू नका. आवाजच बंद झाला, रडता-खोकता येईना, ओठ निळसर पडायला लागले, तर ते गुदमरणं. तेव्हा हातावर उपडं धरून डोकं खाली ठेवत पाठीवर पाच जोरदार थापा द्यायच्या असतात. पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून ते प्रत्यक्ष शिकून घ्या, भरवणाऱ्या आजीलाही सोबत न्या. सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली, तेही विचारून ठेवा.

आणि उशीर? तोही आपल्याकडे फार होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम 46 टक्क्यांना अंगावरच्या दुधासोबत घट्ट किंवा निमघट्ट अन्न मिळत होतं. कुणाला मुलगा असेल आणि आठव्या महिन्यातलं उष्टावण ठरत असेल, तर समारंभ खुशाल तेव्हा करा, पण जेवण 180 दिवसांनी सुरू करा. खिरीच्या पहिल्या घासाआधी घरात गुरगुट्या भात खाल्ला म्हणून काही बिघडत नाही.

तुमच्याकडे अजून दीड महिना आहे. आजच कॅलेंडर काढून जन्मतारखेपासून 180 दिवस मोजा, त्यापुढचा सोयीचा दिवस सासूबाईंनाच निवडू द्या, आणि मामाला लगेच कळवा, म्हणजे त्याला रजा टाकता येईल.