त्याची ताकद कमी करू नका

तुमची अडचण मला कळली ती अशी: पटकथेतला नायक घाटात कोसळणारी बस एका हाताने तोलून धरतो, त्याला गोळी लागत नाही, तो कधी खोटं बोलत नाही. मित्रांना वाचून दाखवल्यावर सगळे म्हणाले, "चांगला आहे, पण त्याचं काय होणार याची काळजीच वाटत नाही." म्हणून आता त्याच्या बहिणीचा खून दाखवून त्याला चिडका आणि दारूत बुडालेला करावा, असं तुमच्या मनात आहे.

ते करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पटकथा लिहिणाऱ्यांबरोबर बरीच वर्षं काम करतोय आणि हा उपाय मी स्वतः एकदा करून पाहिलाय. पात्र त्याने खोल झालं नाही. उलट त्याच्यात जी एक गोष्ट दुसऱ्या कुणात नव्हती, त्याचा निर्मळपणा, तीच हातची गेली.

या जातीच्या नायकाचं मूळ उदाहरण सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी तो १९३८ साली कॉमिकमध्ये छापून आणला, तेव्हा त्याला उडताही येत नव्हतं. तो लांब उड्या मारायचा. पहिल्याच कथेत तो एका निरपराध बाईचा देहदंड थांबवण्यासाठी गव्हर्नरच्या घरात घुसतो आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. पुढे शक्ती वाढत गेल्या. क्रिप्टोनाइट हा त्याला दुबळा करणारा दगड १९४३ मध्ये रेडिओ मालिकेतून आला. दगड जवळ आला की प्रेक्षकाला धाकधूक वाटते, हे खरं. पण दगड बाजूला केला की धाकधूकही संपते. पात्राबद्दल नवीन काहीच कळलेलं नसतं.

आता १९७८ चा रिचर्ड डॉनरचा चित्रपट घ्या. तरुण क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, आगगाडीशी शर्यत लावून घरी येतो आणि थोड्याच वेळात वडील अंगणाजवळच हृदयविकाराने कोसळतात. दफनाच्या वेळी तो आईला म्हणतो की एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. या प्रसंगात त्याची ताकद एका कणानेही कमी केलेली नाही. फक्त त्याला अशा गोष्टीसमोर उभं केलंय जिथे ताकद कामाचीच नाही. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये वडील वादळात जातात. तिथे क्लार्क त्यांना वाचवू शकत असतो, पण जगाला तुझी शक्ती कळू नये म्हणून वडीलच हात वर करून त्याला थांबवतात. कल्पना धाडसी आहे, तरी मला ती टोचते. कारण त्या क्षणी नायकाच्या मनात प्रेमापेक्षा भीती मोठी ठरते, आणि पुढे तो कितीही माणसं वाचवो, ती भीती आपण विसरत नाही.

त्याच १९७८ च्या चित्रपटात याहून सुंदर गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. खलनायक लेक्स ल्यूथरने दोन क्षेपणास्त्रं सोडलेली असतात. सुपरमॅनला क्रिप्टोनाइटपासून सोडवणारी बाई आधी वचन घेते की पहिल्यांदा हॅकेनसॅकला निघालेलं क्षेपणास्त्र अडव, कारण तिथे तिची आई राहते. तो ते वचन पाळतो आणि म्हणूनच दुसरं क्षेपणास्त्र पडतं त्या कॅलिफोर्नियात, त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या पत्रकार लोइसपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि ती मरते. त्याला अडवलं कुणी? त्याच्या सचोटीने. खलनायकाला जे जमलं नाही ते दिलेल्या शब्दाने केलं. (शेवटी काळ मागे फिरवून ही किंमत पुसून टाकली, तो भाग मला आजही खटकतो.)

आजच्या प्रेक्षकाला सज्जनपणा आवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. त्याला न तपासलेला सज्जनपणा आवडत नाही. जेम्स गनच्या २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये सगळ्यात ताणलेला प्रसंग मारामारीचा नाही. लोइस घरात बसून त्याची मुलाखत घेते: तू एका देशाचं आक्रमण थांबवलंस, पण कुणाला विचारून? तो आधी हसतो, मग अडखळतो, मग आवाज चढतो. लोक मरणार होते, एवढंच त्याचं उत्तर आहे. ते बरोबरही आहे आणि अपुरंही. तो वाईट ठरत नाही, पण त्याचा चांगुलपणा पहिल्यांदा उलटतपासणीला उभा राहतो. त्याच चित्रपटात प्रचंड प्राण्याशी झुंजताना तो एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. भाषण देऊन जे पटलं नसतं ते या दोन सेकंदांत पटतं, कारण त्या गडबडीत खार दुसऱ्या कुणाला दिसलीच नसती.

अजून एक. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन' या बारा अंकांच्या कॉमिक मालिकेत एक मुलगी उंच इमारतीच्या कडेवर जीव द्यायला उभी आहे. तिला उचलून खाली आणायला त्याला निमिषही लागणार नाही. तो तसं करत नाही. तिच्या मागे उभा राहतो, तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला होता हे सांगतो, तू समजतेस त्यापेक्षा बळकट आहेस म्हणतो आणि तिला मिठीत घेतो. उचललं असतं तर ती उद्या पुन्हा तिथेच आली असती. बदल तिच्यात होतो, त्याच्यात नाही. निर्मळ नायकाच्या कथेत बदलायचं ते भोवतालच्या माणसांनी. त्याला बदलायला गेलात की तुम्ही बहिणीच्या खुनापाशी येऊन पोहोचता.

तेव्हा तुमच्या घाटातल्या बसकडे परत या. तिथे तुम्ही बस वाचवून, टाळ्या घेऊन प्रसंग संपवलाय. खरा प्रसंग त्यानंतर सुरू होतो. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, कारण मालकाने त्याला लागोपाठ दुसऱ्या रात्री गाडीवर पाठवलं होतं. घरी दोन मुलं आहेत. नायकाने काचेतून त्याचे मिटलेले डोळे पाहिलेत. हवालदार वही उघडून विचारतो, "तुम्ही काय पाहिलंत?" ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून त्याच्याकडेच बघतोय. आणि तुमचा नायक कधी खोटं बोलत नाही, हे तुम्ही पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. तो हवालदाराला काय सांगतो, ते आधी लिहा आणि मला पाठवा.