त्या खोलीत बसून राजीनामा पाठवू नकोस

हिंजवडीत साडेतीन वर्षं झाली, आधीची दोन्ही रेटिंग चांगली होती, आठ महिन्यांपूर्वी मॅनेजर बदलला आणि आता तीस दिवसांच्या पीआयपीवर, म्हणजे "ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवा" या योजनेवर टाकलंय, असं तू लिहिलंयस. सोमवारी एचआरने बोलावलंय. "स्वतःहून पेपर टाकलेस तर रेकॉर्ड स्वच्छ राहील" हा निरोपही आधीच पोचलाय. आणि शेवटी विचारलंयस, "ताई, मी खरंच एवढी वाईट आहे का?" ताई म्हटलंयस म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी या शेवटच्या प्रश्नाचं बोलू, कारण मी टेबलाच्या पलीकडेही बसले आहे.

2012 साली मी लीड होते. टीममध्ये अकरा जण. वर्षाच्या शेवटी नॉर्मलायझेशनची, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी जुळवून पक्की करायची मीटिंग असायची. आम्ही तीन लीड, डिलिव्हरी मॅनेजर, एचआर आणि भिंतीवर एक्सेल शीट. बेल कर्व्हच्या, म्हणजे काही जण वर आणि काही जण खाली दाखवायचेच या हिशोबाने सगळ्यात खालच्या खान्यात माझ्या टीममधलं एक नाव हवंच होतं. तसं कुणी माझ्याकडे नव्हतं. मी तासभर वाद घातला. मग डिलिव्हरी मॅनेजर म्हणाला, "बाळंतपणाच्या रजेवरून आलेली आहे ना? यंदा तिचं काम सहाच महिन्यांचं आहे. ती भांडणार नाही." आणि मी तिचं नाव टाइप केलं. दुसऱ्या दिवशी कारण लिहायला लागलं तेव्हा "ओनरशिप कमी पडते" असं लिहिलं. खाना आधी भरला होता, कारण नंतर शोधलं. तिला रेटिंग सांगितलं तेव्हा ती रडली नाही, चिडली नाही. वही उघडून, तारीख घालून, ओनरशिप वाढवायला काय काय करू ते मला विचारून लिहून घेत होती. ती वही मी आजही विसरू शकत नाही.

म्हणून सांगते, असल्या रेटिंगवरून किंवा पीआयपीवरून स्वतःची किंमत करू नकोस. मायक्रोसॉफ्टने लोकांना असं खान्यांत बसवणं नोव्हेंबर 2013 मध्ये बंद केलं. चांगले इंजिनिअर एकमेकांना मदत करायची सोडून एकमेकांपासून काम लपवायला लागतात, ही त्या पद्धतीबद्दलची जुनी तक्रार होती. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नाव बदललं, शीट तीच राहिली.

तुझ्या पीआयपीतले मुद्दे वाचले. "ॲटिट्यूड सुधारणे", "प्रोॲक्टिव्ह होणे", "क्लायंटसमोर आत्मविश्वास". यातलं मोजणार काय? खरंच सुधारायला दिलेल्या पीआयपीत किती काम, किती दिवसांत, कोण तपासणार हे लिहिलेलं असतं. हेच तू मेलवर विचार, नम्रपणे, मुद्द्यागणिक. उत्तर आलं नाही तरी तू विचारलं होतंस याची नोंद राहते.

आता सोमवार. ती छोटी काचेची खोली असेल, पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा आधीच ठेवलेला असेल. गोड बोलतील. राजीनाम्याचा मजकूरही तयार असतो, "फक्त सेंड करा" म्हणतात. तू एकच वाक्य बोल, "मला विचार करायला वेळ हवा, जे म्हणायचंय ते मेलवर पाठवा." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. "आजच्या आज" हा दबाव त्यांच्या सोयीसाठी असतो. एकदा तुझ्या मेलवरून राजीनामा गेला की कागदावर तू स्वखुशीने गेलीस, आणि नंतर जबरदस्ती सिद्ध करणं फार अवघड जातं. बाहेर आल्यावर लगेच मेल कर: आज चार वाजता अमुक अमुक हजर होते, मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी वेळ मागितला आहे.

रात्री अकराच्या कॉलवर "कॅमेरा लाव, बघू तरी कशी दिसतेस" असं तुझा मॅनेजर म्हणतो, हे तू एका ओळीत उरकलंयस. उरकू नकोस. माझ्या मते हे सरळ 2013 च्या पॉश कायद्याखाली, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली येतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, शिवाय एक बाहेरचा सदस्य. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. तारखा आजच मोज.

पुरावा ठेवायचा, पण क्लायंटची माहिती किंवा कोड स्वतःच्या जीमेलवर मुळीच पाठवू नकोस. त्यांना हवं असलेलं निमित्त आयतं मिळेल. साधी वही घे: तारीख, वेळ, कोण होतं, शब्द काय होते. ॲक्सेस आहे तोवर पगाराच्या स्लिपा, नेमणूक पत्र, जुनी रेटिंगची पत्रं, फॉर्म 16 उतरवून घे. पीएफची धास्ती नको. कंपनीने एक्झिटची तारीख टाकली नाही तरी नोकरी सुटून दोन महिने झाले की ती पोर्टलवर स्वतः टाकता येते. प्रकरण वाढलंच तर पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, आणि आयटीवाल्यांसाठी काम करणारी नाइट्स ही संघटनाही पुण्यातलीच.

तिथे कायम राहा असं मी म्हणत नाहीये. रेझ्युमे आजच काढ, मुलाखती सुरू कर. पण निघायचं ते हातात ऑफर लेटर घेऊन, तू ठरवलेल्या दिवशी.

बस दिसली की ओकारी येते असं लिहिलंयस, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डॉक्टरांना दाखव आणि कागद जपून ठेव. रात्री फारच घाबरं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि आईला सांग. घरी लपवून हे एकटीने ओढत बसू नकोस.

पीआयपीचं पत्र नावं खोडून मला निरोपात पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, उत्तराचा मेल आपण दोघी बसून लिहू, म्हणजे सोमवारी तू आत जायच्या आधी तो गेलेला असेल.