दलालीच्या टक्क्यातून हाती किती उरते?

प्रश्न : माझा भाचा जळगावात एका खासगी कंपनीत 18,000 रुपये पगारावर आहे. प्लॉट-घरांची दलाली करणाऱ्या त्याच्या मित्राला एकाच सौद्यात 50,000 रुपये मिळाले, म्हणून तोही नोकरी सोडायला निघाला आहे. खान्देशात या धंद्यात खरोखर किती कमाई होते?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मित्राने सांगितलेला आकडा खोटा असेलच असे नाही. दलालीचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही, पण घेणारा आणि देणारा या दोघांकडून प्रत्येकी एक टक्का घेण्याची रीत सर्रास आहे. त्या हिशेबाने 25 लाखांच्या रो-हाऊसवर 50,000 रुपये होतात. मात्र गिऱ्हाईक आणणारा एक आणि मालकाच्या ओळखीचा दुसरा, असे दोन दलाल पुष्कळदा असतात, त्यामुळे एकाच्या वाट्याला 25,000 येतात. दर दोन महिन्यांनी असा एक सौदा पार पडला, तर वर्षाचे दीड लाख, म्हणजे महिन्याला 12,500 रुपये होतात आणि पेट्रोलचा खर्चही त्यातूनच जातो. आजच्या पगाराइतके मिळवायलाच भाच्याला वर्षात असे नऊ सौदे पुरे करावे लागतील.

अडचण आहे ती या 'पुरे करण्या'त. खरेदीखते तयार करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. पाचोऱ्याकडच्या एका शेताचा सौदा मला आठवतो : विहिरीला पाणी चांगले होते, भाव ठरला होता, इसारही दिला गेला होता आणि मग सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन बहिणींची नावे असल्याचे ध्यानात आले. त्यांतली एक सही करायला तयार होईना. अकरा महिन्यांनी इसार परत गेला आणि तोवर पंधरावीस खेपा घातलेल्या दलालाच्या हाती काहीच आले नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि नंदुरबार, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. जमीन दाखवण्याआधी सातबारा आणि फेरफार वाचणाराच या धंद्यात टिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा वर्षभर सारखा येत नाही, हेही भाच्याला सांगा. कापसाचे पैसे हाती आल्यापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सौद्यांना जोर असतो, तर पितृपक्षात इसार द्यायला सहसा कोणी धजत नाही.

बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातील घरे-प्लॉट विकायचे असतील, तर 2016च्या रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याप्रमाणे एजंट म्हणून नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणेही बंधनकारक आहे. ती नोंदणी त्याने अवश्य करून घ्यावी, कारण तिथे दलाली बिल्डरकडून हिशेबाने आणि बहुधा चेकने मिळते.

तूर्त भाच्याने नोकरी सोडू नये. वर्षभर रविवारी मित्राबरोबर फिरावे आणि दलाली किती, ती कोण देणार, इसाराच्या वेळी किती आणि खरेदीखताच्या दिवशी किती, हे दोन्ही पक्षांच्या सहीने सौदापावतीवरच लिहून घ्यायची सवय लावावी. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून बाहेर पडताना "तुमचं नंतर पाहू" असे म्हणणारी माणसे मी फार पाहिली आहेत.