पाऊस तासांत मोजा, पूर फुटांत

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न : वर्षाचा पाऊस साधारण पूर्वीइतकाच पडतो. मग हवामानबदलाचा आणि पुराचा संबंध काय? (कराड)

वर्षाच्या बेरजेत पूर दिसत नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस कमी तासांत जास्त कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, हंगामाची एकूण बेरीज मात्र घटली.

७ टक्के किरकोळ वाटतात, म्हणून हिशेबच करू. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस वाहत धरणात येतो तो भाग, सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. जमीन आधीच चिंब असताना तिथे दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला आणि सगळं पाणी वाहून आलं, तर धरणात ६.३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी येतं. त्यावर ७ टक्के म्हणजे आणखी १४ मिलिमीटर, म्हणजेच ०.४४ टीएमसी. एक टीएमसी दिवसभरात सोडायला ११,५७४ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या घनफुटांचा, विसर्ग लागतो. त्या हिशेबाने एवढ्या जादा पावसापोटी दिवसभर ५,१०० क्युसेक वाढले. जूनमध्ये हे पाणी धरणाच्या पोटात जिरून जातं. ऑगस्टमध्ये १०५ टीएमसीचं धरण काठोकाठ आलेलं असेल तर दरवाजे उचलण्यावाचून इलाज नसतो.

पण म्हणून प्रत्येक पुराचं खापर हवामानावर फोडू नये. पात्रातली अतिक्रमणं आणि भराव माणसांचेच आहेत.

प्रश्न : शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कसा काय आला? (कोल्हापूर)

हे तिन्ही पूर खरोखर त्या मापाचे होते का, हा वेगळा वाद आहे. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की नव्याण्णव वर्षं सुट्टी, असं नव्हे. दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के भरते. पाऊस बदलल्याने वर्षाची शक्यता दोन टक्क्यांवर गेली, तर हाच आकडा ४५ होतो. शिवाय ही गणितं जुन्या नोंदींवरची असतात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असे दिवस वाढले की जुना हिशेब तोकडा पडतो.

प्रश्न : पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी पाणी चढतच होतं. घर नेमकं कधी सोडायचं? (शिरोळ तालुका)

तुमच्याकडचं पाणी तुमच्या पावसाचं नसतंच. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. त्यात नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. त्यामुळे दोन्ही नद्यांवर लक्ष ठेवा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५.

पण हे आकडे शहरांचे आहेत. घर सोडायचा आकडा तुम्हीच काढायचा. भिंतीवर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण असेल, ती उंबऱ्यापासून किती वर आहे ते टेपने मोजा. त्या पुरात जवळच्या बंधाऱ्यावर सर्वोच्च पातळी किती होती ते पाटबंधारे कार्यालयात विचारा आणि त्यातून तेवढे फूट वजा करा. समजा पातळी ५६ होती आणि खूण तीन फुटांवर आहे, तर बंधाऱ्यावर साधारण ५३ झाले की पाणी उंबऱ्याला लागणार. आकडा ढोबळ आहे, म्हणून चार फूट हातचे राखून ४९ ला निघा. गावाचा रस्ता त्याआधी बुडत असेल तर रस्त्याचा आकडा धरा. बहुतेक जण अडकतात ते इथेच.

दर दोन तासांनी पातळी लिहून ठेवा. पाणी शेतात पसरायला लागलं की चढण्याचा वेग मंदावतो, तासाला चार इंचांवरून एक इंचावर येतो आणि लोक म्हणतात, आता उतरणार. प्रत्यक्षात विसर्ग वाढतच असतो, फक्त पसरायला जागा मिळालेली असते.

निघण्याचा क्रम : आधी जनावरं, मग म्हातारी माणसं आणि मुलं, मग कागदपत्रं. नदीवरची मोटार आणि स्टार्टर इशारा पातळीच्या आतच वर काढा. घराची मेन स्विच पाय कोरडे असतानाच बंद करा. परतल्यावर वायरिंग तपासून घेतल्याशिवाय ती चालू करू नका.

प्रश्न : नदीकडेला प्लॉट स्वस्त मिळतोय. घ्यावा का? (सांगली)

पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, तिच्या आत बांधकामाला मनाई आहे. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर परवानगी मिळते. आमचं मत विचाराल तर लाल रेषेच्या जरा बाहेरच थांबा, कारण तीही जुन्या पावसावरच आखलेली आहे. ‘भराव टाकून देतो’ असं विकणारा म्हणाला तर जोत्याची उंची २०१९ च्या खुणेशी ताडून पाहा. भरावाने तुमचं जोतं वर येईल, पण तेवढं पाणी शेजाऱ्याच्या दारात जाईल आणि तुमचा रस्ता बुडायचा तो बुडेलच.