पाइनच्या वाटीवर खरखरीत डाग का येतात

तू लेथवर (लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) कातलेली वाटी हातात फिरवून पाहिली. खरखर सगळीकडे नाही, समोरासमोरच्या दोनच जागी आहे. तिथे गाऊज, म्हणजे कातायची खोलगट पटाशी, तंतूंच्या उलट जातं आणि मऊ लाकडाचे तंतू कापले जाण्याआधीच उपटतात. पॉलिश पेपर घासत बसू नकोस. पाइनचा फिका भाग लवकर झिजतो, गडद रेषा वर राहतात आणि वाटी खालीवर लागते.

आधी धार. मऊ लाकडाला सागवानापेक्षाही तिखट धार लागते, हे नवख्याला पटत नाही, पण तसंच आहे. शेवटचा हात मारण्यापूर्वी गाऊज पुन्हा ग्राइंडरला लावच. मग धारेमागचा उतार लाकडावर टेकवून, धार तिरकी धरून, अगदी पातळ काढ. भुगा पडला तर थांब. लांब कुरळी साल निघायला हवी. बाहेरून तळाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. 6 इंची वाटी डगमगत नसेल तर मिनिटाला 1200 च्या आसपास फेरे चालतील.

तरीही उपटलं तर त्या जागी पातळ लाख पॉलिश लाव. तंतू ताठ होतात. ठाण्याच्या पावसाळ्यात ते सुकायला वेळ घेतं, तेवढा दे.

आणि तुर्भ्याहून पॅकिंगचं लाकूड आणतोस, त्यावरचा शिक्का वाच. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं, ते घे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते अजिबात नको. आत राहिलेले खिळे लेथवर चढवण्याआधी चुंबक फिरवून शोध.