सुट्टीवर आलेला अग्निवीर झोपत नाही

सातारा तालुक्यातून एक आई लिहितात: 'मुलगा १९ वर्षांचा, अग्निवीर. सीमेवर तोफगोळा पडून त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत गेला. घरी आल्यापासून रात्रभर गच्चीवर बसतो. वरातीत सुतळी बॉम्ब वाजला तर रस्त्यात आडवा झाला. हे माजी सैनिक. म्हणतात, फौजीच्या घरात असली नाटकं नकोत. सुट्टी संपत आली. घरीच ठेवून घेऊ का?'

ताई, ठेवून घेऊ नका, पण मुकाट गाडीतही बसवू नका. न कळवता राहिला तर तो गैरहजर धरला जाईल. ३० दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसते आणि आजार राहतो बाजूला. त्याने आजच आपल्या कंपनीत, म्हणजे लष्करी तुकडीत, फोन करून सुट्टीत आजारी पडल्याचं कळवावं आणि सुट्टी संपायच्या आत पुण्याच्या लष्करी रुग्णालयात हजर व्हावं. ओळखपत्र आणि सुट्टीचा कागद बरोबर हवा. यजमानांचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड इथे चालत नाही, मुलगा अजून नोकरीत आहे.

डॉक्टरांना नुसतं 'झोप लागत नाही' सांगितलं तर झोपेच्या गोळीवर भागेल. घटनेची तारीख, स्वप्नं, दचकणं, काय काय टाळतो, सगळं सांगा. असा धक्का बऱ्याचदा महिन्याभरात ओसरतो. त्यापुढे टिकला तर पीटीएसडीची, म्हणजे अशा धक्क्यानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची, तपासणी होते. त्यावरचा मुख्य उपचार बोलण्याचा असतो, त्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा. कानही दाखवा. स्फोटाने पडदा फाटतो, कानात शिट्टी वाजत राहते, त्यानेही झोप उडते.

मेडिकल कॅटेगरी, म्हणजे लष्करातला तब्येतीचा दर्जा, खाली जाईल, ही त्याची धास्ती खोटी नाही. हा दर्जा 'शेप' (SHAPE) या पाच अक्षरांनी ठरतो, त्यातला 'एस' मनाचाच. पण तात्पुरत्या कॅटेगरीचा पुन्हा बोर्ड, म्हणजे वैद्यकीय फेरतपासणी, होतो, आणि न झोपलेल्या पोराच्या हाती भरलेली रायफल देणं जास्त वाईट.

झोपेतून उठवताना हात लावू नका, लांबून नावाने हाक मारा. खोदून विचारू नका. बोलू लागला तर अडवू नका. दारू बंद, यजमानांनी प्रेमाने ओतलेलीसुद्धा. आणि त्यांना एवढं सांगा: पहिल्या महायुद्धात तुमच्याच तालुक्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान गेले, हे सगळे अभिमानाने सांगतात, परत येऊन रात्री जागणाऱ्यांची मोजदाद कुणी केली नाही.

मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका आणि पुण्याला त्याच दिवशी निघा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. शेतातली औषधं आणि घरात बंदूक असेल तर तीही आजच दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा.